तुंबलेले मूत्राशय : घरच्या माणसांनी समजून घ्यावे असे काही



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत एखाद्या आजाराची माहिती देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय असा आहे की, ज्याविषयी चारचौघांत सहसा कोणी बोलत नाही. लघवी पूर्णपणे न होणे, ती मूत्राशयात तुंबून राहणे, आणि त्या अवस्थेसह वर्षानुवर्षे जगावे लागणे, हा तो विषय होय.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्र आम्ही शिकलो नाही. परंतु रुग्णालयाच्या कार्यालयात बसून जे दिसते ते कधी कधी तपासणीच्या खोलीत दिसत नाही, असा आमचा अनुभव आहे. केसपेपरच्या खिडकीशी रांग असते, आणि लिपिक सर्वांदेखत विचारतो, ‘‘काय तक्रार आहे?’’ साठी ओलांडलेला गृहस्थ मागे उभ्या असलेल्या सुनेकडे एकदा पाहतो आणि सांगतो, ‘‘पोट दुखते.’’ केसपेपरवर ‘पोट’ असे लिहिले जाते, गृहस्थ भलत्याच विभागात पाठविले जातात, तिथे आम्लपित्ताच्या गोळ्या मिळतात आणि ते दोनशे रुपये एस.टी.ला व औषधाला घालवून परत जातात. हे ध्यानी आल्यावर आम्ही खिडकीवरील तो प्रश्नच काढून टाकला. आता तक्रार आत, आडोशाला, परिचारिका विचारतात. त्यानंतर जे ऐकू येऊ लागले ते साधारण असे असते : ‘‘सिस्टर, थेंब-थेंब पडते, मोकयी होत नाही.’’

मूत्राशय ही स्नायूंची एक पिशवी आहे. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणपणे ४०० ते ५०० मिलिलीटर लघवी सहज मावते, आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास भरली की जाणीव होऊ लागते. लघवी होताना दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. पिशवीचा स्नायू आकुंचन पावला पाहिजे आणि तोंडाशी असलेला स्नायू सैल पडला पाहिजे. या दोहोंचा मेळ मेंदू आणि मणक्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंमुळे साधला जातो. आमच्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला हे फवारणीच्या पंपावरून चटकन समजते. नोझलमध्ये कचरा अडकला तरी फवारा पडत नाही, आणि पंपाचा दाबच गेला तरी पडत नाही. वरून दोन्ही सारखेच दिसते. दुरुस्ती मात्र अगदी निराळी असते.

‘नोझल’ अडण्याचे पुरुषांतील सर्वांत परिचित कारण म्हणजे पन्नाशीनंतर वाढणारी प्रोस्टेट ग्रंथी. मूत्रमार्ग आकसणे, खडा अडकणे ही अन्य कारणे. स्त्रियांमध्ये गर्भाशय किंवा मूत्राशय खाली उतरल्यामुळे मार्ग दुमडतो. अवघड बाळंतपणानंतरही काही दिवस लघवी अडू शकते. ‘दाब’ जाण्याची कारणे मज्जातंतूंकडे जातात : बरीच वर्षे आटोक्यात न ठेवलेला मधुमेह, झाडावरून किंवा विहिरीत पडून मणक्याला झालेली इजा, पक्षाघात, मणक्याचा जन्मजात दोष. शिवाय साधी वाटणारी काही औषधेही आहेत. नाक मोकळे करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या, पोटातील मुरड्यावरील व मानसिक आजारांवरील काही औषधे यांनी आधीच कुरबुर करणारे मूत्राशय पूर्ण बंद पडू शकते. म्हणून वयस्कर माणसाने औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी परस्पर घेऊ नये, असे आमच्या फार्मसीतून आवर्जून सांगितले जाते. बद्धकोष्ठाचेही तसेच, मोठे आतडे भरलेले असले की मूत्राशयावर दाब येतो, आणि कित्येकदा पोट साफ झाल्यावर लघवीही सुधारते.

सगळ्यांत फसविणारी गोष्ट पुढेच आहे. लघवी एकाएकी अडली तर असह्य वेदना होतात व माणूस त्याच रात्री रुग्णालयात येतो. परंतु ती हळूहळू, महिनोन्‌महिने तुंबत गेली तर दुखत नाही. पिशवी ताणत जाते, तिची संवेदना बोथट होते, आणि भरलेल्या माठातून पाझरावे तशी लघवी बाहेर झिरपू लागते. घरच्यांना वाटते, लघवी जास्त होत आहे. प्रत्यक्षात ती होतच नसते.

दर्यापूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाची हकीकत येथे सांगणे योग्य होईल. वडिलांचे धोतर ओले राहू लागले, रात्री आठ-दहा वेळा उठणे सुरू झाले. मुलाने आपल्या समजुतीप्रमाणे उपाय केला : संध्याकाळनंतर बाबांना पाणी द्यायचे नाही. त्यांचे गाव खारपाणपट्ट्यातील. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूजल खारे आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. अनेक गावांत दूरवरून आणलेले नळाचे पाणी पोहोचले असले, तरी शेतात आणि नळ येत नाही त्या दिवशी विहिरीचे किंवा बोअरचे पाणीच तोंडी लावावे लागते. खारे पाणी मुळातच कमी प्यायले जाते, त्यात ही बंदी. वडील आमच्याकडे आले ते लघवीसाठी नव्हे, तर मळमळ आणि सुजलेल्या पायांसाठी. सोनोग्राफीत मूत्राशयात एक लीटरहून अधिक लघवी साठलेली आढळली आणि दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली होती. लघवीला खाली वाट न मिळाल्याने तिचा दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोचला होता. नळी घातल्यावर त्यांना पुढील दोन दिवस लघवी इतकी झाली की सलाईन लावून पाणी व क्षार भरून काढावे लागले. अशा वेळी ‘आता मोकळे झाले, घरी नेतो’ असे नातलग म्हणतात. ते नेऊ नये. रक्तातील क्रिएटिनिन हळूहळू उतरले, परंतु पूर्ववत झाले नाही.

त्यांच्या प्रोस्टेटची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, ती व्यवस्थित झाली. नळी काढली, आणि लघवी झाली नाही. मुलगा थेट कार्यालयात आला. त्याचा संताप आम्हांस समजू शकत होता. अडथळा काढण्यासाठी ऑपरेशन केले, मग अडले कुठे? तेथे आम्हांसही डॉक्टरांकडून समजून घ्यावे लागले. नोझल साफ झाले होते. परंतु वर्षभर ताणलेल्या पंपाचा दाब गेलेला होता. काहींचा तो काही आठवड्यांत परत येतो, काहींचा कधीच येत नाही. मूत्राशयाचा दाब मोजणारी ‘युरोडायनॅमिक’ तपासणी करून याचा अंदाज घेता येतो. ती करण्यासाठी रुग्णास मोठ्या शहरात जावे लागले तरी शस्त्रक्रियेआधी ही शक्यता कुटुंबाला स्पष्ट शब्दांत सांगणे आमच्याकडून व्हायला हवे होते. ते झाले नव्हते.

अशा दुर्बल मूत्राशयासाठी आज जो उपाय जगभर सर्वांत सुरक्षित मानला जातो तो ऐकताच घरची माणसे दचकतात. दिवसातून चार ते सहा वेळा रुग्णाने स्वतःच्या हाताने एक बारीक, मऊ नळी मूत्रमार्गातून आत सरकवायची, लघवी पूर्ण बाहेर काढायची आणि नळी लगेच काढून घ्यायची. नळी आत राहत नाही, पिशवी लटकत नाही, माणूस शेतात जातो, लग्नाला जातो.

या उपायाचा इतिहास मनोरंजक आहे. लघवी अडणे हा आजार आपल्या पूर्वजांना पुरेपूर ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. परंतु मणका तुटलेल्या माणसाला वाचविणे विसाव्या शतकापर्यंत जमले नव्हते. युद्धात अपंग झालेले सैनिक जखमेने नव्हे, तर तुंबलेल्या लघवीने आणि त्यातून मूत्रपिंडांपर्यंत गेलेल्या जंतुसंसर्गाने दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. ठरावीक वेळाने नळी घालून काढण्याची पद्धत तिथे रुजली; मात्र ती पूर्ण निर्जंतुक, हातमोजे घालून, रुग्णालयातच करण्याजोगी होती. पुढे अमेरिकेतील मिशिगन येथील डॉ. जॅक लॅपिड्स यांनी म्हटले की, जंतूंचा शिरकाव हा मुख्य शत्रू नव्हे; मूत्राशय ताणून तुंबलेले राहणे हा मुख्य शत्रू आहे. ते वेळेवर रिकामे होत असेल तर साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरे. त्यांचा हा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे ते साल दुष्काळाचे म्हणून लक्षात आहे. त्या वर्षी मांडलेल्या या कल्पनेने जगभरातील असंख्य रुग्णांना रुग्णालयातून घरी जाऊ दिले, हे फार थोड्यांना माहीत असते.

पद्धत आमच्या परिचारिका दोन-तीन बैठकांत शिकवितात. लिहून ती पूर्ण येत नाही, म्हणून येथे केवळ ध्यानात ठेवण्याजोग्या गोष्टी देतो. हात साबणाने नीट धुवावेत. नळीला वंगणाची जेली लावावी. घरातील तेल किंवा व्हॅसलीन वापरू नये. नळी जोराने ढकलू नये. ती अडली तर क्षणभर थांबावे, दीर्घ श्वास घ्यावा, खोकावे आणि पुन्हा हलकेच प्रयत्न करावा. क्वचित रक्ताचा थेंब दिसला तर घाबरू नये, परंतु रक्त वाहत राहिले तर यावे. स्त्रियांना आरंभी लहान आरसा लागतो, पुढे सवयीने तो लागत नाही. एका वेळी निघणारी लघवी ४०० मिलिलीटरच्या आत राहील अशा बेताने वेळा ठरवाव्यात. त्यासाठी पहिले काही दिवस मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहावे. (वही लिहिणारे रुग्ण लवकर स्थिरावतात, असे आमच्या परिचारिकांचे मत आहे, हिशेबनीस म्हणून आम्हांस ते ऐकून बरे वाटले.) नळी घालणाऱ्या बहुतेकांच्या लघवीत तपासणीत जंतू सापडतातच. ताप, थंडी, कमरेत दुखणे अशी लक्षणे नसतील तर केवळ रिपोर्टवरून प्रतिजैविके घेऊ नयेत. त्याने जंतू चिवट होतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही.

ज्यांना स्वतः नळी घालणे शक्य नाही, ज्यांचे हात थरथरतात, दृष्टी गेली आहे, घरी करणारे कोणी नाही, त्यांना आत राहणारी नळी व पिशवी दिली जाते. कधी बेंबीखालून पोटातून थेट मूत्राशयात नळी बसवितात. येथे पिशवी सदैव मूत्राशयाच्या पातळीच्या खाली असावी, परंतु जमिनीला टेकू नये. एस.टी.त चढताना ती खांद्यावरील झोळीत टाकणारे आम्ही पाहिले आहेत. त्यामुळे लघवी उलटी आत जाते. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधावी म्हणजे ओढ बसत नाही. पिशवी दोन-तृतीयांश भरण्याआधी रिकामी करावी. आत फुगा असतो, म्हणून नळी कदापि ओढून काढू नये. आणि ती ठरल्या तारखेला बदलावी : साधी रबरी नळी साधारण महिनाभराने, सिलिकॉनची डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, कमाल तीन महिन्यांनी.

तारखेविषयी आमचीच एक चूक येथे नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो. धारणीकडील एक रुग्ण नळी घेऊन घरी गेले. डिस्चार्ज कार्डावर पुढील भेटीविषयी इंग्रजीत तीन अक्षरे लिहिलेली होती, तारीख नव्हती. ते आठ महिन्यांनी आले. नळीच्या टोकावर आणि फुग्यावर क्षारांचे कवच चढून त्याचा खडा झाला होता, फुगा उतरेना, आणि ती नळी काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. नावे पडलेली रक्कम जमा झाली की नाही हे पाहण्यात आमची नोकरी गेली. तथापि आमच्याच रुग्णालयात नळी घातल्याची नोंद होती आणि काढल्याची नोंद ठेवण्याचा रकानाच नव्हता, हे आमच्या ध्यानात त्या दिवशी आले. आता स्वतंत्र नोंदवही आहे. प्रत्येक नळीपुढे बदलण्याची तारीख असते, ती मराठीत मोठ्या अक्षरांत पिवळ्या कार्डावर रुग्णास दिली जाते, आणि तारीख उलटून तीन दिवस झाले की कार्यालयातून फोन जातो. मेळघाटात फोन अनेकदा लागत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळीच गावच्या आशा कार्यकर्तीचा क्रमांक लिहून घेतो. उपाय साधा आहे. तो आधी का सुचला नाही, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

नळी लागण्याच्या पायरीपर्यंत सर्वजण जातातच असे नाही. अनेकांचे भागते ते सवयी बदलून आणि औषधांनी. लघवीला घाई करू नये. झाल्यावर दोन मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. पुरुषांनी बसून केली तर पुष्कळांना ती अधिक मोकळी होते. जाणीव होवो न होवो, दर तीन-चार तासांनी जावे. मधुमेहींनी तर घड्याळ लावूनच जावे. कुंथू नये आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ओटीपोट दाबून लघवी काढू नये, त्याने दाब उलट मूत्रपिंडांकडे जाऊ शकतो. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी मार्गाचा स्नायू सैल पडतो, परंतु काहींना उठताना चक्कर येते. त्या रात्री झोपताना घ्याव्यात आणि पलंगावरून सावकाश उठावे. पाणी तोडू नये. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा पाणी तोडणे म्हणजे खड्यांना आमंत्रण देणे होय. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे माप दिले आहे त्यांनी मात्र ते माप पाळावे. रात्री उठणे कमी करायचे तर झोपेआधी दोन तास पिणे थांबवावे, दिवसभर नव्हे.

स्त्रियांबाबत एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी आठपासून सायंकाळपर्यंत शेतात असलेल्या बायका आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात. वर्षानुवर्षे असे केल्याने वारंवार जंतुसंसर्ग होतो, आणि मूत्राशयाची जाणीवही मंदावू शकते. याला औषध नाही. बांधावर चार बांबू आणि एक जुने लुगडे हे आहे. शेतमालक असलेल्या आमच्या देणगीदारांनी याकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

आता खर्चाविषयी. आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये २००६ पासून अमलात असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. शस्त्रक्रियांसाठी शासनाची जनआरोग्य योजना आहे. ती २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती होता. परंतु या साऱ्या व्यवस्था मुख्यत्वे रुग्ण दाखल असेपर्यंतच्या खर्चाच्या आहेत. दुर्बल मूत्राशयाच्या माणसाचा खरा खर्च तो घरी गेल्यावर सुरू होतो. दिवसाला चार नळ्या म्हणजे वर्षाला १,४६०. एक नळी २५ रुपयांची धरली तरी ३६,५०० रुपये होतात, आणि हा खर्च आयुष्यभराचा आहे. नळ्यांच्या पाकिटावर ‘एकदाच वापरा’ असे छापलेले असते. परवडत नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ डब्यात ठेवून तीच नळी काही काळ वापरणारे रुग्ण आपल्या देशात पुष्कळ आहेत. आम्ही ते लपवून ठेवत नाही, कसे धुवावे तेही शिकवितो. मात्र ज्यांना वारंवार ताप येतो त्यांना प्रत्येक वेळी नवी नळी मिळालीच पाहिजे, असे आमच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. देणगी पाठविताना ‘नळ्यांसाठी’ असे कळविल्यास ती रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवली जाते. यंत्रावर किंवा भिंतीवर नाव कोरता येते, नळीवर येत नाही, हे आम्ही जाणतो.

पुढील प्रसंगी पिवळ्या कार्डाची तारीख पाहू नये, तडक यावे : सहा-आठ तास लघवी न होता ओटीपोट फुगून दुखणे, आतील नळीतून लघवी येणे बंद होणे, हुडहुडी भरून ताप येणे, कंबरदुखीसोबत पाय लुळे पडणे वा बसण्याची जागा बधिर होणे. शेवटच्या प्रसंगी तर तासही मोलाचे असतात. मानेला अथवा छातीच्या वरच्या भागातील मणक्याला इजा झालेल्या रुग्णाचे डोके एकाएकी ठणकू लागले व चेहऱ्यावर घाम सुटला, तर नळी तुंबली आहे का ते घरच्यांनी प्रथम पाहावे. रक्तदाब धोकादायक वाढल्याचे ते लक्षण असू शकते.

अकोट तालुक्यातील एका मुलीला जन्मतः मणक्याचा दोष आहे. अशा मुलांना रबराची ॲलर्जी होण्याचा संभव अधिक असतो, म्हणून तिला लॅटेक्स नसलेल्या नळ्या देतो. सहा वर्षांची होईपर्यंत आई दर चार तासांनी नळी घालीत असे आणि त्यासाठी शाळेच्या ओट्यावर बसून राही. मजुरी बुडत असे. मागील वर्षी मुलगी स्वतः शिकली. अडचण उरली ती शाळेच्या स्वच्छतागृहाची. त्याला कडी नव्हती. आईने आमच्याकडून डॉक्टरांचे पत्र नेले, मुख्याध्यापिकांना दिले. त्यांनी शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची एक किल्ली मुलीला करून दिली. ती किल्ली गळ्यात दोऱ्याला बांधून ती मुलगी तपासणीला येते. आई आता वेचणीला जाते, आणि या खेपेस मुलीसोबत तिची आजी आली होती.